अंतर पडायच्या आधी हाक द्या

अलिबागहून निघून समुद्राच्या काठाकाठाने गोव्याच्या हद्दीवरच्या तेरेखोलपर्यंत गटाने सायकलवर जायचं ठरलं की पहिला प्रश्न अंतराचा येतो. अंतर पाचशे किलोमीटरच्या थोडं वर भरतं. मात्र या रस्त्यावर किलोमीटर मोजून फारसं काही कळत नाही, खाड्या मोजाव्या लागतात. रस्ता सड्यावरून, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावरून जातो, खाडी आली की वळणावळणाच्या उताराने पाण्यापर्यंत खाली येतो आणि पलीकडे तितकाच परत चढतो. चढ घाटांएवढे लांब नसतात, पण अनेक ठिकाणी १० ते १२ टक्क्यांचे असतात आणि दिवसभरात पुन्हा पुन्हा येतात. म्हणून रोज ७० ते ८० किलोमीटर धरून सात दिवस ठेवावेत. देशावर सपाटीला दिवसात दीडशे किलोमीटर मारणारे लोक इथेही तोच हिशेब धरतात आणि मग तिसऱ्या दिवशी गुडघे कुरकुरायला लागतात.

या रस्त्याने वेगवेगळे गट जाताना आम्ही पाहतो, त्यांच्याबरोबर जातोही. कोणाची सायकल महागडी असते, कोणाचे पाय तयार असतात. पण गट गोव्यात एकत्र पोचणार की तुकड्यातुकड्यांनी, हे एका सवयीवर ठरतं: आपलं काय बिनसतंय ते वेळेवर सांगायची सवय. लांबच्या सायकल प्रवासाला आयुष्याची उपमा देतात ती आम्हाला याच जागी पटते. घरात, नोकरीत माणसं ‘चाललंय की’ म्हणत ओढत राहतात आणि कोलमडली की मग सगळ्यांना कळतं. ती गोष्ट घडायला तिथे वर्षं लागतात, सायकलवर ती एका दुपारी घडते आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत घडते.

डिसेंबर-जानेवारी हे महिने चांगले. उत्तरेकडून दक्षिणेकडेच जावं, कारण हिवाळ्यात दुपारनंतर समुद्रावरून वायव्येचं वारं सुटतं आणि ते पाठीवर येतं. उलट्या दिशेने आलात तर थकलेल्या वेळी तेच वारं तोंडावर घ्यावं लागतं. सकाळी सहाला, पुढचे-मागचे दिवे लावून निघायचं आणि अकराच्या आत दिवसाचं निम्म्याहून जास्त अंतर उरकायचं. ऊन थंडीतही लागतं, आणि कोकणच्या दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे अंग थंडच होत नाही.

सायकलची तयारी निदान महिनाभर आधी संपवावी. नवी सीट, नवे बूट, नवं हँडल शेवटच्या आठवड्यात लावू नये. सीटची उंची बघायची साधी रीत अशी: पॅडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच ठेवली तर पाय सरळ व्हायला हवा. मग चवड्याने पॅडल मारताना गुडघ्यात हवा तेवढा वाक आपोआप राहतो. गुडघा पुढून दुखत असेल तर सीट बहुधा खाली आहे, मागच्या बाजूने दुखत असेल तर वर आहे. एका वेळी तीन-चार मिलिमीटरच हलवावी. जुन्या उंचीची खूण सीटपोस्टवर (सीटखालच्या दांडीवर) इन्सुलेशन टेपने करून ठेवावी, म्हणजे सीट घसरली तरी लगेच कळतं.

गिअरच्या बाबतीत प्रतिष्ठा धरून बसू नये. सामान लादलेल्या सायकलला पुढे ३४ दातांची आणि मागे किमान ३२ किंवा ३४ दातांची चकती हवीच, पुढे तीन चकत्यांचा सेट असेल तर उत्तम. टायर ३२ ते ३८ मिलिमीटर रुंदीचे असावेत. ३२ च्या टायरमध्ये ७० किलोच्या माणसाने सामानासह साधारण ६० ते ७० पीएसआय (पंपावर दिसणारं दाबाचं माप) हवा ठेवावी. दगडासारखा टणक टायर खडीवर उडतो आणि हात बधिर करतो. हवा फारच कमी असेल तर खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिममध्ये चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. पंक्चर काढताना अशी जोडीची भोकं दिसली तर काटा शोधत बसू नका, हवा वाढवा. भोक एकच असेल तर टायरच्या आतून कापडाचा तुकडा गोल फिरवा. काटा किंवा तारेचा तुकडा तिथेच अडकलेला असतो, तो न काढता नवी ट्यूब टाकली की दहा मिनिटांत पुन्हा खाली उतरावं लागतं.

गटाच्या हत्यारांबद्दल एक गैरसमज पक्का बसलेला असतो, की एकाकडे पेटी असली म्हणजे सगळ्यांचं भागतं. पाना, ॲलन की, चेन टूल, पंप, टायर लिव्हर एकाकडे चालतात. सुटे भाग चालत नाहीत. आठ स्पीडच्या, म्हणजे मागे आठ चकत्या असलेल्या सायकलच्या चेनची लिंक अकरा स्पीडला लागत नाही. रिमला बारीक भोक असेल तर जाड व्हॉल्व्हची ट्यूब आत जातच नाही. डिरेलरचा, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या भागाचा, हँगर (तो सायकलला जोडणारा लहान तुकडा) तर जवळजवळ प्रत्येक मॉडेलचा वेगळा. तेव्हा आपल्या सायकलचा हँगर, आपल्या मापाच्या दोन ट्यूब, चेनची लिंक, दोन-चार स्पोक आणि ब्रेक पॅडची एक जोडी प्रत्येकाने स्वतःची आणायची. पॅचच्या सोल्युशनची ट्यूब नवी, न फोडलेली घ्यावी, एकदा फोडलेली ट्यूब पुढच्या वेळी आतून वाळलेली निघते. कोकणात मोठं गाव सोडलं तर गिअरच्या सायकलचे सुटे भाग मिळणं कठीण. गावातला सायकलवाला पंक्चर काढून देईल, रिमचा डगही काढेल, पण हँगर देऊ शकणार नाही.

आता रांगेबद्दल. गट सहा ते आठ जणांचा असावा. त्याहून मोठा असेल तर दोन तुकड्या करून मध्ये दहा मिनिटांचं अंतर ठेवावं. अरुंद रस्त्यावर लांबलचक रांग एसटीला ओलांडता येत नाही, मग ड्रायव्हर रांगेच्या मध्येच गाडी घालतो. सपाटीवर ताशी पंचवीसच्या आसपास वेग असला की पुढचा माणूस वारं कापतो आणि मागच्याचे कष्ट बऱ्यापैकी कमी होतात, अगदी चाकाला चाक लावून चालवणारे पाव हिश्शापर्यंत किंवा त्याहून जास्त वाचवतात. सामान लादलेल्या, सराव नसलेल्या गटाने तेवढं जवळ जाऊ नये. एका सायकलीचं अंतर ठेवलं तरी वाऱ्याचा आडोसा जाणवतो. पुढच्याच्या मागच्या चाकाला आपलं पुढचं चाक आडवं घासलं की पडतो तो मागचाच, हे पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगावं लागतं.

पुढे एकानेच राहायचं नाही. पाच ते दहा मिनिटं झाली की बदली. शेवटचा माणूस मागे वळून बघतो, ‘मोकळं’ म्हणून ओरडतो, मग पुढचा बाजूला होऊन वेग कमी करतो आणि रांग त्याला ओलांडून जाते. ज्याला आपण तगडे आहोत असं वाटतं तो बदलीच घेत नाही, ‘राहू दे, मी ओढतो’ म्हणतो. दुपारी त्याचाच वेग गळतो, आणि त्याच्या मागे बसायची सवय झालेल्या बाकीच्यांना वारं कापायचा सरावच झालेला नसतो. कमावणारा एकच असलेल्या घरांचं जे होतं तेच. ज्याला फार वेळ ओढणं झेपत नाही त्याने दोनच मिनिटं पुढे यावं, पण यावं. त्याने नुसती पाळी घेतली तरी पुढे राहण्याचे कष्ट त्याला कळतात आणि मागून ‘थोडं हळू’ म्हणताना संकोच वाटत नाही.

सगळ्यात हळू माणूस शेवटी ठेवायचा, ही चूक बहुतेक नव्या गटांत दिसते. पुढच्याने खड्ड्यासाठी वेग किंचित कमी केला तर तो धक्का रांगेत मागे मागे वाढत जातो. पुढचे पॅडल मारणं नुसतं थांबवतात, शेवटच्याला चक्क ब्रेक लावावा लागतो आणि मग सुटलेलं अंतर भरायला जोर काढावा लागतो. दिवसभरात असे शंभर जोर त्याच्याच वाट्याला येतात. म्हणून हळू चालणाऱ्याची जागा दुसरी किंवा तिसरी. शेवटी गटातला सगळ्यात अनुभवी माणूस, त्याच्याकडे हत्यारांची पेटी आणि प्रथमोपचाराचं सामान. तो पुढे गेला तरच गट पुढे गेला असं समजायचं, आणि त्याच्या मागे कोणीही राहायचं नाही.

अंतर कसं पडतं ते जवळून बघण्यासारखं आहे. तिसरा माणूस पाणी प्यायला बाटली काढतो, चार पॅडल चुकतात, पुढच्यापासून दहा फूट मागे पडतो. तेवढ्यात ‘अंतर!’ अशी हाक दिली तर पुढच्याला ताशी एक किलोमीटर वेग कमी करून भागतं, अर्ध्या मिनिटात रांग जुळते. हाक दिली नाही, तर अंतर वाढत जातं तसा वाऱ्याचा आडोसा कमी होतो. आता त्याला एकट्याने वारं कापत वेग वाढवायचा असतो. तो मान खाली घालून दोन मिनिटं जोर काढतो, नाडी वर जाते, अंतर शंभर फूट होतं. आणि त्याच्या मागचे पाचही जण त्याच्याबरोबर तुटलेले असतात, तेही गप्प. पुढचे दोघे गप्पा मारत वळणाआड जातात. अर्ध्या तासाने टपरीवर सगळे भेटतात तेव्हा पुढचे म्हणतात, ‘अरे, सांगायचं ना!’ आणि तो म्हणतो, ‘म्हटलं तुमचा वेग कशाला मोडा.’ हा संवाद आम्ही जवळजवळ प्रत्येक गटात ऐकतो. वेग राखायला तो गप्प बसला आणि त्यात सगळ्यांचा अर्धा तास गेला.

चढावर मात्र रांग मोडायची. ताशी आठ-नऊच्या वेगाला आडोशाचा काही उपयोग नसतो, आणि दुसऱ्याच्या दमाने चढणं पायांना सोसत नाही. प्रत्येकाने आपापल्या गतीने चढावं, माथ्यावर थांबावं. इथेच एक नियम पाळावा लागतो, आणि आमच्या लेखी तो सगळ्यात महत्त्वाचा आहे. धोपाव्याच्या फेरीबोटीच्या धक्क्यावरून वर सड्यावर येणारा चढ घ्या. पहिला माणूस वर येतो, सावली धरतो, चिक्की खातो. शेवटचा वीस मिनिटांनी धापा टाकत पोचतो आणि तो दिसताच बाकीचे म्हणतात, ‘चला, आले सगळे.’ ज्याला विश्रांतीची सगळ्यात जास्त गरज आहे त्यालाच ती मिळत नाही. दिवसात असे पाच चढ झाले की तो दुपारी मोडतो, आणि सगळे म्हणतात त्याची तयारीच कमी होती. थांब्याची पाच मिनिटं शेवटचा माणूस सायकलवरून उतरल्यापासून मोजायची. तगड्यांना यात अंग थंड पडल्याचा त्रास होतो, तो त्यांनी जॅकेट घालून सोसावा.

गिअर चढ सुरू व्हायच्या आधीच हलका करावा. पायावर पूर्ण जोर आल्यावर गिअर टाकला तर चेन दातांवर अडकते, कधी घसरते, जुनी असेल तर तुटते. उतारावर दोन्ही ब्रेक सोडून-लावून वापरावेत, सतत दाबून धरले तर रिम किंवा डिस्क तापते आणि पकड कमी होते. धक्क्यांकडे जाणाऱ्या उतारांवर जांभ्याची बारीक खडी वळणावर साचलेली असते. हर्णैसारख्या बंदरांच्या आसपास मासळीच्या टेम्पोंतून गळणाऱ्या पाण्याने डांबर बुळबुळीत होतं. पुढचा माणूस ‘खडी’, ‘पाणी’, ‘खड्डा’ ओरडतो, मागच्याने तीच हाक पुढे द्यायची. मधला एक जण जरी गप्प राहिला तरी शेवटच्याला काहीच कळत नाही.

फाट्यांवर मोबाईलच्या भरवशावर राहू नये, सड्यावर नेटवर्क येतं-जातं. पाट्यांवर अनेकदा फक्त वाडीचं नाव असतं. साधी रीत म्हणजे फाटा आला की दुसऱ्या नंबरचा माणूस तिथे उभा राहतो, शेवटचा दिसेपर्यंत हलत नाही, आणि मग शेवटच्याच्या पुढे रांगेत शिरतो.

खाड्यांवर पूल होत आहेत, तरी फेरीबोटी अजून या प्रवासाचा कणा आहेत: आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेश्वी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड आणि शेवटी तेरेखोल ते केरी. यांना कोकणात बरेच जण जंगलजेट्टी म्हणतात. वेळापत्रक आदल्या दिवशी फोनवर विचारून घ्यावं, बोट चुकली की बहुधा पाऊण-एक तास जातो. धक्क्याचा उतार शेवाळलेला असतो, क्लीटचे (तळाला पॅडलमध्ये अडकणारी खुंटी असलेले) बूट घालून त्यावरून चालणं म्हणजे पडणंच. सायकलवरून उतरून, शेजारी धरून, कडेने जावं. बोटीत सायकली रेलिंगला टेकवून लवचीक पट्ट्याने एकत्र बांधाव्यात. आणि गट अर्धा पोचलेला असताना बोट लागली तर काय करायचं, हे सकाळीच ठरलेलं असावं. धक्क्यावर उभं राहून, भोंगा वाजत असताना घेतलेल्या निर्णयाने कोणीतरी दुखावतंच.

खाणंपिणं घड्याळावर करायचं, भुकेवर नाही. तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी, त्यात दर एक-दोन बाटल्यांनंतर ओआरएस. पाऊण तासाला काहीतरी पोटात: एक केळं, राजगिऱ्याचा लाडू, शेंगदाण्याची चिक्की, खजूर. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात आणि एका मध्यम केळ्यातून साधारण २५ ग्रॅम मिळतात, हे लक्षात ठेवलं की हिशेब सोपा होतो. रात्रीचं जेवण भात, आमटी, मासे, सोलकढी, पोटभर घ्यावं. दुपारी मात्र फिश थाळीवर ताव मारून लगेच चढाला लागू नये.

साखर उतरलेल्या माणसाला स्वतःला ते कळत नाही. तो आधी गप्प होतो. मग लहानशा गोष्टीवर चिडतो. मग सायकल रेषेत राहत नाही. म्हणून गटात जोड्या लावाव्यात, आणि जोडीदाराने एवढंच बघायचं की आपला भिडू बोलतोय ना. सकाळपासून गाणी म्हणणारे काका अकरा वाजता गप्प झाले तर ‘काय झालं’ विचारू नये, थांबवून हातात गूळ आणि केळं द्यावं. पंधरा मिनिटांत उत्तर मिळतं.

बसण्याच्या जागेची दुखणी लोक लाजून लपवतात आणि त्यानेच बरेच जण अर्ध्यावर परततात. पॅड असलेल्या शॉर्टच्या आत दुसरं काही घालू नये, शिवण घासते. निघण्यापूर्वी व्हॅसलिन किंवा क्रीम लावावं. मुक्कामी पोचल्यावर आधी शॉर्ट बदलून धुवावी. कोकणात रात्रीत कपडे वाळत नाहीत, म्हणून दोन शॉर्ट लागतातच. धुतलेली शॉर्ट कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळून पिळली की सकाळपर्यंत निदान दमट एवढीच राहते. लाली दिसली त्याच संध्याकाळी सांगितलं तर सीट थोडी हलवून, मलम लावून भागतं. फोड फुटल्यावर बसणंच होत नाही. चेनचंही तसंच: खारं वारं आणि पुळणीची रेती लागलेली चेन रोज संध्याकाळी फडक्याने पुसावी, प्रत्येक रोलरवर एकेक थेंब तेल, आणि वरचं जास्तीचं तेल परत पुसून घ्यावं, नाहीतर रेती तिथेच चिकटते.

संध्याकाळी जेवणाआधी दहा मिनिटं सगळ्यांनी बसायचं. प्रत्येकाने तीनच गोष्टी सांगायच्या: शरीर कसं आहे, सायकल कशी आहे, उद्याची काय चिंता आहे. सुरुवात सगळ्यात नव्या किंवा सगळ्यात हळू माणसापासून. तगड्याने आधी ‘आज काय मस्त झालं!’ म्हटलं की पुढे कोणी गुडघ्याचं नाव काढत नाही. यजमानांना सकाळचं खाणं किती वाजता हवं तेही याच वेळी सांगावं, पहाटे साडेपाचला घावणे मागून मिळत नाहीत.

एखाद्याला थांबावंसं वाटलं तर तेही इथे बोलता येतं. रात्री ठरलं तर सकाळी गावातून टेम्पो मिळतो, त्याला एक दिवस विश्रांती मिळते आणि तो रत्नागिरीला किंवा मालवणला परत गटात येऊ शकतो. तेच भर उन्हात, रत्नागिरी आणि देवगडच्या मधल्या उघड्या सड्यावर ठरलं तर गाडी येईपर्यंत सगळा गट बसून राहतो. एक टप्पा टेम्पोतून केला म्हणून प्रवास बाद झाला, असं मानणाऱ्या गटांत माणसं दुखणी लपवतात. आम्ही तो टप्पा हिशेबात धरतच नाही, आणि कोणी विचारतही नाही.

तेरेखोलहून केरीला उतरल्यावर परतीचं काम असतं. लहान स्टेशनांवर गाडी दोन मिनिटंच थांबते, सायकली चढवणं अवघड जातं, म्हणून मडगावहून पार्सल करणं बरं. केरी ते मडगाव वाटलं तर सायकलवर, नाहीतर टेम्पोने. पॅडल काढून ठेवावीत, हँडल फिरवून दांडीला समांतर बांधावं, मागचा डिरेलर सर्वात आतल्या गिअरवर आणून कार्डबोर्डने झाकावा. पुढचं चाक काढलं तर डिस्क ब्रेकच्या पॅडमध्ये जाड पुठ्ठ्याचा तुकडा घालावा, नाहीतर चुकून लिव्हर दाबला गेला की पॅड एकमेकांना चिकटतात. नाव, फोन आणि उतरायचं स्टेशन दोन ठिकाणी लिहावं.

पैशांचा हिशेब मात्र पार्सल ऑफिसच्या रांगेत करू नये. फेरीबोटीची तिकिटं, नाश्ते, टेम्पोचं भाडं कोणीतरी एकाने दिलेलं असतं आणि घरी गेल्यावर त्याला मागायला संकोच वाटतो. शेवटच्या मुक्कामी, त्याच दहा मिनिटांच्या बैठकीत, वही उघडून ज्याचं त्याला तिथल्या तिथे देऊन टाकावं.